चार टक्के

दोंडाईचा सोडलं की डाव्या हाताला धुराडं दिसतं, ते आमचं.
रात्रपाळीत मी काचेच्या उंच नळीत
हायड्रोमीटर सोडते. तो डुलतो, डुलतो
आणि शहाण्णववर उभा राहतो.
रजिस्टरात लिहिते: रंग नाही. धान्याचा वास नाही.
चवीचा रकाना नियमाने कोरा.

आत काय गेलं ते मला माहीत असतं.
अवकाळीत काळी पडलेली दादर,
शिरपूरकडचा मका, भुंगा लागलेला तांदूळ,
गोण्यांवर अजून कुणाकुणाची नावं.
बाहेर येतं त्यात कुणाचंच काही नसतं.
कागदावर त्याला तटस्थ म्हणतात.
सातपुड्यातली मोहाची निदान
कुठल्या झाडाखालून आली ते तोंडावर सांगते.

हे टँकरने जातं.
कुठे त्याला व्हिस्कीचा रंग देतात, कुठे जिनचा वास,
कुठे ते अत्तर होतं, कुठे हात धुवायची बाटली.
तंबूतल्या सिनेमात हिरो दातांनी बूच उपटून
अशाच कशाने तरी जखम धुवायचा,
आणि घरी येऊन आम्ही पोरं
सोड्याच्या पाण्याने खरचटलेले गुडघे धुवायचो,
दातओठ खाऊन.

हिलालमामा तमाशात दारुड्या करायचा.
तीस वर्षं. तपकिरी बाटलीत कोरा चहा, गूळ जरा जास्त.
त्याचा तोल जाताना बघायला
बोरीस-लामकानीहून गाड्या यायच्या.
तोल जायचा, पाय कधी ढोलकीबाहेर पडला नाही.
घरी सुपारीचंही व्यसन नाही.

सारंगखेड्याच्या जत्रेत
आग ओकणाऱ्या पोराने आपली बाटली
मामाच्या पेटीत ठेवली. तीही तपकिरी.
मामाने सवयीने मान मागे टाकून घोट घेतला.

आवाज गेला.
त्याने बाटली हळू, फार हळू खाली ठेवली,
फेटा सारखा केला,
आणि सुतावरून चालावं तसा सरळ
विंगेत निघून गेला.
मागून कुणी ओरडलं, "याले दारुड्या जमत नही!"
शिट्ट्या. एक चप्पल.

परवा तो गेटवर डबा घेऊन आला.
मी त्याच्या तळव्यावर एक थेंब टाकला.
गार लागला, उडून गेला.
कोरडा तळवा नाकाशी धरून मामा
बराच वेळ उभा.
"दादरना वास कथा गया वं?"
तेव्हापासून बसलेल्या आवाजात.

काय सांगणार.
म्हटलं, मामा, कितीही उकळा,
मनोऱ्याला आणखी दहा मजले चढवा,
शेवटचं चार टक्के पाणी हे सोडत नाही.
तापीचं आहे.
"बरं शे," म्हणाला, आणि सायकलला टांग मारली.

मी डबा उघडायच्या आधीच
पलीकडच्या केबिनमधून वॉचमनने विचारलं,
"ताई, आज कळण्याची भाकर का?"