बर्फाच्या पावत्या

सकाळी साडेआठलाच टेबलाची काच चटका देते.
देवगड बंदरात मी बर्फ विकते,
म्हणजे विकतो कारखाना, मी पावत्या फाडते:
'सागरकन्या' दहा लाद्या, 'दिर्बाप्रसाद' वीस.
कार्बनची निळाई घामाने बोटांवर उतरते
आणि संध्याकाळी कुडत्यावर, पोटापाशी,
पाच ठसे सापडतात.

सातवा सरत आलाय.
खुर्ची मागे सरकवत सरकवत भिंतीला टेकली,
आता टेबलच पुढे ढकललंय.
पावतीसाठी हात लांबवते तेव्हा वाटतं
दुसऱ्याच्या ताटातलं उचलतेय.

पंखा आहे. पण त्याचं तोंड भिंतीकडे,
पावत्या उडतात ना.
कॅलेंडरातला गणपती काय तो वारा खातो.

पत्र्यापलीकडे गारवाच गारवा.
सुरमईला बर्फ. पापलेटला बर्फ.
कोळंबीला तर कुटून, खाली थर, वर थर,
बाळंतिणीला गुंडाळावं तशी निगुतीने.
मी पत्र्याच्या या बाजूला.

सिस्टर म्हणाली, पाणी पी, तहानेची वाट बघू नकोस,
लघवीचा रंग बघत जा, गडद दिसली की समज.
समजलं. पण संडास जेटीच्या टोकाला,
एकशे चाळीस पावलं,
डोक्यावर ऊन, पायाखाली खवले.
मी घोट मोजून प्यायचे.
मागच्या मंगळवारी चक्कर आली,
एकाच बोटीला दोनदा पावती दिली,
तेव्हापासून मोजणं सोडलं. छत्री दाराशीच असते.

सल्ले इथे उधारीवर मिळतात.
मासे निवडणारी सुलभाकाकी म्हणते,
"कोकम घे गो, साखर कमी घाल."
तिची जाऊ म्हणते,
"शहाळा पी, पोर गोरा होतला."
गोरं होवो, काळं होवो,
दुपारपर्यंत मी वितळू नये एवढ्यासाठी पिते.
मलई मात्र चमच्याने, हळूहळू, कुणाला न देता.

रात्री लाइट जाते. खळ्यात चटई,
डाव्या कुशीवर मी, मानेखाली ओला पंचा.
मतलई सुटायला पहाटेचे तीन वाजतात,
आणि त्याच वाऱ्यावर
प्रणितची बोट बाहेर पडते.

काल दुपारी लोकबहादूर आला,
बर्फ कुटणारा, नेपाळचा, बोलणं कमी.
त्याने निळा टब टेबलाखाली सरकवला,
अर्धा पाण्याने भरलेला,
त्यात नारळाएवढी बर्फाची ढेप.
"पाय," म्हणाला,
आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

चपला निघेनात. निघाल्या तर पट्ट्यांचे वळ तसेच.
जोडवी मागच्याच महिन्यात काढली,
तिथे अजून खाच आहे.
आधी घोट्यापर्यंत कळ आली, हाडातून.
मग
मग काय सांगू.
आत कुणीतरी सावकाश कूस बदलली,
सरकून जागा दिल्यासारखी.

लोकबहादूर पाठमोराच सांगत होता,
त्याच्या बायकोलाही सातवा. तिकडे, डोंगरात.
तिला अजून रात्री दोन रजया लागतात म्हणे.
एवढंच. मग कुणी हाक मारली, गेला.

बर्फ हिशोबाचा असतो,
ढेप झाली म्हणून काय, लादीचाच तुकडा.
पाय पाण्यात ठेवूनच मी पावती फाडली.
माल: पाव लादी.
रक्कम: रोख, माझ्याच पाकिटातून.
बोटीचं नाव, या रकान्यावर पेन थांबलं.
रिकामा ठेवला तर मॅनेजर विचारतो.
लिहिलं:
अजून ठेवलेलं नाही.