पाच सुताचा पाना

आमच्याकडं सूत दोन जातीचं.
एक बॉबिनीवर, एक पान्यावर.
बॉबिनीवरचं तुटलं तर गाठ मारतात, माग पुढं चालतो.
पान्यावरचं चुकलं
तर गाठ मारायला काही उरत नाही.

मंगळवार बाजारात गोणपाटावर मांडलेला
बारा पान्यांचा संच. अडीचशे सांगितले,
दोनशे वीसला दिला, वर एक पेचकस.
नवरदेवाच्या बुटासारखे चकाकत होते.
बुधवारी अकरा नंबरच्या मागावर
क्रँकचा नट धरला, अंग टाकलं,
पान्यानं आ वासला,
नटाचे सहाही कोपरे गोल
आणि माझी मूठ बिडावर.
खाली पांढरा टॉवेल उलगडत होता, एक्स्पोर्टचा.
तीन थेंब.
शेठनं पीस बाजूला टाकला. पगारातून एकशे ऐंशी.
नट छिन्नीनं फोडला, त्याचे वेगळे.
अर्धा दिवस माग उभा, त्याचे कोण मोजतो?
मी मोजले.

पाच सुताला सोळा नंबर चालतो म्हणतात.
चालतो. केसभर ढिला.
केसभरातच सगळं असतं.

हातिमभाईच्या दुकानात काचेमागं
एकटा पाच सूत. नऊशे चाळीस.
संचाचा भाव विचारलाच नाही.
घरी अनसूया विड्या वळत बसलेली,
सूप मांडीवर, मान खाली.
"म्हणजे साडेचार हजार विड्या," ती म्हणाली,
"एवढ्यात तो आपला आपण फिरतो का ओ?"

फिरत नाही.
पण नटावर बसला की हलत नाही.
कडक भाकरी मोडावी तसा
एकच आवाज, कट्ट,
आणि दहा वर्षांचा गंज हातात येतो.
त्या रात्री बोटांना हळद लावावी लागली नाही.
तिनं पाहिलं. बोलली नाही.

मग त्याचीच राखण लागली.
त्याच टॉवेलात, तीन थेंबांच्या, गुंडाळून
कुलपात.
शेजारच्या कारखान्यातला मल्लेशम मागायला आला,
पंधरा वर्षांचा दोस्त.
"सापडंना बे," म्हणालो.
त्यानं कुलपाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि तंबाखू न मागता गेला.

त्याच उन्हाळ्यात सतरा नंबरचा माग अडला.
फ्रेमच्या पोटात, बोटभर फटीत, एक नट.
सरळ पाना पोचेना.
महागडा तर मानेतच जाड.
बाजारच्या संचातला चार सूत काढला,
ग्राइंडरवर घासून पातळ केला,
गॅसवर लाल केला, मान वाकवली.
मोडला असता तर मोडला असता.
नऊशे चाळीसला आग लावायची
माझी छाती झाली नसती.
तो वाकडा आता खिळ्याला लटकतो,
सगळी लाइन मागून नेते.
मल्लेशमही. नेतो, आणून टांगतो.
दुसऱ्याचं नाव काढत नाही.

आज सैफननं विचारलं,
"मामा, पहिला पगार झालाय. कुठला घेऊ?"
स्वस्त म्हणावं तर त्याची बोटं दिसतात,
महाग म्हणावं तर त्याची आई.
कुलूप काढलं. टॉवेल उलगडला.
"अकराचा क्रँक ढिला वाजतोय. जा, आवळ."
त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

मी गेटबाहेर चहा सांगितला.
चाळीस मागांच्या खडखडाटातही
पाना घसरल्याचा आवाज
मला वेगळा ऐकू येतो.
कान तिकडंच.
चहावर साय धरली.