गुरुवारच्या गोळ्या

रुवीतल्या दवाखान्यात एसी इतका गार
की सांधे न विचारता कबुली देतात.
बाहेर सत्तेचाळीस. आत आम्ही शाली पांघरून,
टोकन हातात धरून, म्हणजे धरल्यासारखं करून.
सकाळी नऊपर्यंत चिमटीत कागद राहत नाही.

डॉक्टर चांगले आहेत. सात मिनिटं देतात.
सात मिनिटांत ईएसआर, लिव्हर, पुढची तारीख.
लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यात बसत नाही.

म्हणून मी शेजारच्या खुर्चीला विचारते.

बद्रिया बलुशी. या दुखण्यात मला बावीस वर्षं सीनियर.
हिंदी बोलते, सिनेमातली.
माझ्या नावातला व तिच्या जिभेला सापडत नाही,
फैजयंती म्हणते.
असू दे.
दुखतं ते फैजयंतीला;
वैजयंती रविवारी गुहागरला फोन लावून
'बरी आहे' सांगते.

सहाच्या सहा गुरुवारी रात्री घे, ती सांगते, भरल्या पोटी.
शुक्रवार ओकारीला दे, शनिवारी माणसात ये,
रविवारी ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही.
म्हणजे सुट्टीचे दोन्ही दिवस गेले?
'गेले. तू कुठे पिकनिकला निघाली होतीस?'

किल्ली बोटांनी नाही, तळव्याने फिरव.
कढई दोन हातांनी उचल, आणि नवऱ्याच्या देखत.
सलालाचा हिरवट लुबान रात्री पाण्यात टाक, सकाळी पी.
गुण येतो?
'वास चांगला येतो. पण डॉक्टरला सांगून पी. चोरून नको.'

समोरची रोवेना गोळ्यांवरून इंजेक्शनवर गेलीय.
सहा जणींच्या फ्रिजमध्ये, सुरमईच्या पिशवीमागे ठेवते,
डब्यावर लिहिते: मेकअप.
औषध कळलं तर मॅडम तिकीट काढून देईल, परतीचं.
थर्मासात बर्फ घाल, म्हणते, पण सुई टॉवेलात गुंडाळ,
बर्फाला टेकली की मेली.

दाभोळचे खलफेभाई म्हणाले, वांगं सोडा.
मी वांगं सोडलं.
वांग्याला काही फरक पडला नाही. मलाही.

आज मात्र मी तिला ते विचारलं
जे मराठीतही कुणाला विचारलेलं नाही.
आधी आडून:
माझा नवरा दुक्मला असतो, बद्रिया.
पंधरा दिवसांनी येतो.
गुरुवारी रात्री येतो.

ती इतकी हसली की काउंटरवरच्या पोरीने मान वर केली.
मग हसू थांबलं. माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे बघून म्हणाली,
'मी बंद केल्या होत्या. डॉक्टरला विचारून, महिने मोजून.
त्या महिन्यांत रोज रात्री भिंतीला पाठ लावून बसायचे.
मग दिवस राहिले, आणि हात असे झाले,
मखमल. कणीक मळली मी, फैजयंती,
कोपरापर्यंत.
चाळिसावा झाला आणि सगळं परत आलं, व्याजासकट.
पोर रडायची, मला उचलता यायची नाही.
बहीण उचलून छातीशी आणून धरायची.'

पुन्हा केलं असतंस?

बत्तीस नंबर, कुणीतरी ओरडलं. बत्तीस तिचा.
उठायला तिला खुर्चीचे दोन्ही हात लागतात,
मग एक श्वास, मग उभं राहणं.
उत्तर आत घेऊन गेली.

बाहेर आली तेव्हा न्यायला मुलगी आली होती,
गाडीची किल्ली बोटात गरगर फिरवत.
पाण्याची बाटली घेतली, फोनकडे बघत बघत
झाकण उघडून आईच्या हातात दिली.
कट्, एवढाच आवाज.
मग माझ्या मांडीवरची घेतली,
तीही उघडून ठेवली, न सांगता.

माझा नंबर सदतीस.
आज बुधवार आहे.