बशी

पाठीवर मारा, पोटावर मारू नका, म्हणतात.
मी तर तीन कागदांवर सह्या करून
पोटावरच मारून घेतलं.
चौदा महिने झाले. आता आत उरलंय
अंड्याएवढं काहीतरी
आणि आतड्याला काढलेली आडवाट.

मी ऑकलंडच्या विमानतळावर बॅगा उचलते.
तेवीस किलोची एक.
माझ्यातून तशा तीन गेल्या,
कुणी पावती दिली नाही.

रविवारी, मांगेरेत, चर्चमागच्या हॉलपाशी
जमिनीतली भट्टी उघडली.
अळूच्या पानांत नारळाचं दूध, मटण, वाफ.
इलाइसाने आत्यानं माझं ताट भरलं.
आम्हा टोंगनांत आत्याचा मान सगळ्यांत वर,
तिनं वाढलेलं परत करत नाहीत.
परत नाही केलं. तीन घास,
आणि पाकातले दोन उंडे, दोनच,
कारण ती बघत होती.

वीस मिनिटांत छातीत ढोल,
गार घाम, पोटात पीळ.
स्तोत्र अर्ध्यात सोडून मी गाडीत,
मागच्या सीटवर आडवी, पाय काचेला.

न्हाणीच्या जाळीत रोज केसांचा पुंजका.
तळव्यांना मुंग्या, जिना उतरताना
पायरी आहे की नाही ते बघावं लागतं.
"गोळ्या चालू आहेत ना?" क्लिनिकची मोइरा विचारते.
होत्या. मग रात्रपाळ्या लागल्या,
मग डबी संपली, मग मी बारीक दिसते
म्हणून सगळे इतके खूश होते
की आजारी आहे म्हणायची लाज वाटली.
रक्तात लोह नाही. बी-ट्वेल्व्ह नाही.
खात्यापित्या घरची मी,
अन्न समोर असून उपाशी.

काचेवर टकटक.
आत्या, काठी टेकत. तिच्या डाव्या पायाला
तीनच बोटं, बाकीची साखरेनं नेली.
त्याच पायाकडे बघून मी सही केली होती,
हे तिला कधी सांगितलं नाही.

हातात चहाची बशी.
माशाचा एक तुकडा, अंगठ्याएवढं रताळं.
तिच्या हातून इतकं कमी वाढलेलं
मी जन्मात पाहिलं नव्हतं.
रागावली असेल, वाटलं.

ती शेजारी बसली, धापा टाकत.
"चाव," म्हणाली, "मी मोजते."
तहा. उआ. तोलू. फा.
सतरावर तिला खोकला आला, आकडा हरवला.
पुन्हा एकपासून.