उतार

चढ मला येतो.
चढाला फारसं काही लागत नाही,
मान खाली, ओठ मिटलेले,
पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता,
तो संपला की पुढचा हातभर.

करंजाळीच्या आश्रमशाळेत आम्ही अकरा जण.
दिवाळीची सुट्टी, पोरं घरी गेलेली,
त्यांच्या लोखंडी कॉटांवर आमची हेल्मेटं.
माझ्या उशाशी भिंतीवर खडूने लिहिलंय :
हेमलता चौरे, सातवी. इथे हात लावू नये.

पहाटे साडेपाचला गायधनी सर ताटली वाजवतात.
अंधारात पंपांचे सुस्कारे.
निखत कोकणी जर्सीच्या आत कालचा पेपर कोंबते,
छातीवर बाजारभाव, पाठीवर श्रद्धांजल्या.
कुणी विचारतं, आज किती किलोमीटर?
पाय सांगतील, म्हणतात सर.

पहिल्या दिवशी सावळघाट
मी वर पोचले चौथी
आणि खाली पोचले अकरावी.
ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडीच राहिली,
चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून प्यायले.
सरांनी रिमला हात लावला, झटकला :
यावर पापड भाजून निघेल, तिदमेबाई.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
सव्वीस वर्षं मी नोटांचे ताव तपासते.
सरकलेला आकडा, फुटलेली शाई,
केसाएवढी जाड झालेली रेघ.
चांगली नोट मी पाहिलेलीच नाही,
ती नुसती हाताखालून जाते.
डोळा थांबतो तो चुकीवर.
त्याचाच पगार.

चाक नजरेचं ऐकतं, सर म्हणाले.
खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल.
जिथून बाहेर पडायचंय तिथे बघा.

ऐकायला किती सोपं.

तिसऱ्या दिवशी, गुजरातकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकमागे,
वळणावर खडी सांडलेली.
मी ती पाहिली. नीट पाहिली.
प्रत्येक खडा वेगळा दिसला मला,
आणि चाक सरळ त्यांच्याकडे गेलं,
ओळखीच्या माणसाकडे जावं तसं.

नागली खुडणारी बाई बांधावरून उतरली,
तिच्या बाटलीतल्या पाण्याने माझं कोपर धुतलं.
कुठे निघालीस?
खाली.
आणि मग?
मग परत वर.
ती इतकी हसली
की मलाही हसावं लागलं, कोपर ठणकत असताना.
मग ती कणसांकडे गेली. तिचं काम राहिलं होतं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी.
पडलीस का? नवऱ्याने विचारलं.
नाही, म्हटलं.
पलीकडे तो गप्प,
माझा आवाज उजेडात धरून बघत असावा.
रात्री कुळथाचं पिठलं, नागलीची भाकरी,
आणि मांड्यांमध्ये कुणीतरी दळण दळत बसलेलं.

शेवटच्या सकाळी घाटात दव होतं.
सर पुढे गेले नाहीत, मागेही आले नाहीत,
कठड्यावर बसून पेरू खात राहिले.
पहिलं वळण ब्रेकवर गेलं.
दुसरंही.
तिसऱ्याला पलीकडे एक पळस होता, 
धड फुलं नाहीत, धड पानं नाहीत,
मी त्याच्याकडे बघितलं. फक्त त्याच्याकडे.
खाली खडी असेल. तेल असेल. भेगा असतील.
सगळं हाताखालून गेलं,
न तपासता.
कान वाऱ्याने भरले, डोळ्यांतून पाणी,
पुढचं झाड, त्याच्या पुढचा मैलाचा दगड,
बोटं ब्रेकवर नुसती ठेवलेली,
झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतो तशी.

खाली पोचले नववी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
निखतची चेन पडली होती, सगळे तिथे वाकलेले.

सामान आवरताना दिसलं,
चार रात्री डोकं घासून
हेमलतामधला 'ता' पुसला गेलाय.
वर्गात जाऊन खडू शोधला,
परत लिहिला.
तिच्या अक्षराशी जुळला नाही,
थोडा मोठा झाला, थोडा तिरका.
लांबून कळत होतं.

तसाच राहू दिला.