टेकडी क्रमांक तीन

शकूर खेळणी किलोवर देतो.
जवाहर मार्गाच्या मागच्या गल्लीत
त्याच्या काट्यावर एकदा
अर्धी आगगाडी, डोळा नसलेलं अस्वल
नि भातुकलीचा गुलाबी ओटा
मिळून सव्वा किलो भरलं.
"सेलचं वजन मी लावत नाही, बाई,"
म्हणाला, आणि लावलंच.

मी दिवसभर दात बनवते.
डॉक्टरांच्या नावाने जातात, असतात माझ्या हातचे;
साउथ तुकोगंजच्या लॅबमध्ये
अनोळखी हिरड्यांवर मेण चढवत, उतरवत
सत्तावीस वर्षं.
उरलेलं प्लास्टर फेकायचं जिवावर येतं
(वहिनी म्हणते, या शहरात आता
फेकायलाही सहा डबे लागतात),
ते घरी आणते, सोबत
बोथट झालेली कोरणी.

ओट्याच्या शेगड्यांच्या झाल्या विहिरी.
आगगाडीचे डबे पालथे घातले,
तापल्या सुईने भगदाडं पाडली:
तोफेने फोडलेली धान्याची कोठारं.
खरं सांगते, फोडणं सोपं नाही.
पोरांच्या हातून मोडतं ते कुठेही मोडतं;
पण भिंत वरून कशी खचते,
विटा कुठवर सांडतात,
चौकट शेवटपर्यंत का उभी राहते
हे बघायला मी
रुंद होऊ घातलेल्या रस्त्यांवर
पाडापाडीसमोर छत्री घेऊन उभी राहिलेय.
तिथला एकजण मला
घर गेलेली समजून पाणी घेऊन आला.
मी प्यायले.

चहाचा चोथा वाळवून माती,
हिरव्या घासणीचं कुंपण.
अळीव मात्र पेरत नाही.
लहानपणी रामबागेत दिवाळीच्या किल्ल्यावर पेरायचो,
चार दिवसांत सगळे मावळे गवतात बुडायचे
आणि भाल्यांची टोकं तेवढी वर.

टेकडी क्रमांक तीन म्हणजे कोंबडी.
पिवळी, चालता चालता अंडी घालणारी,
एक पाय गेलेली.
पाठीचा उतार मात्र असा
की घोडदळ चढावं.
घाईत होते. जाळी, रद्दी, प्लास्टर, चोथा,
वर तीन हात रंग.
सेल काढायचे राहिले.

रविवारी रात्री मुफद्दलभाई आले
सियागंजातलं दुकान वाढवून,
फासे अत्तराच्या रिकाम्या डबीत.
लढाई नर्मदेच्या अलीकडची, कधीच न झालेली,
दोन्ही सैन्यांची नावं आम्हीच ठेवलेली.
चौथ्या फेरीला त्यांचे बारा स्वार
बोटाच्या पेराएवढे
भाले उगारून वर चढले.
मी फासे टाकले. एक घरंगळत
उताराला थडकला

आणि टेकडी ओरडली.
कॉक् कॉक् कॉक् कक्काक्!
मातीला तडा गेला, एक स्वार उताणा,
आत काहीतरी चालू पाहत होतं
एका पायाने, प्लास्टरखाली, अंधारात.

हसताना मुफद्दलभाईंची टोपी डोळ्यांवर आली.
"बाई, ये जमीन तो पक्की नहीं निकली!"
मग चष्मा पुसून
नियमांची वही ओढली, लिहिलं:
टेकडी बोलली तर
दोन्ही बाजूंनी एक फेरी थांबायचं.
"का?" विचारलं मी.
"अंडं देऊ द्या तिला," म्हणाले.
जिंकलं कोण ते आता आठवत नाही.
बहुतेक तेच.

सेल काढायचे तर टेकडी फोडायला हवी.
दोनदा कोरणी घेतली हातात.
आवाज बसत चाललाय तिचा.
मंगळवारी सकाळी
कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली,
तर टेबलावरून तिने
बारीक, घोगरं उत्तर दिलं.
खाली वहिनी हाका मारत होती, सुका डबा आण म्हणून.
मी ओला ब्रश हातात धरून
एक फेरी थांबले.