एवढा चौकोन राहू दे

एकोणीस वर्षं मी या चित्रासमोर बसतो,
लाकडी खुर्चीत, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.
मेनच्या किनाऱ्यावरचं एवढंसं बंदर, एवढंसं म्युझियम,
हिवाळ्यात दिवसाला चार माणसं,
त्यांतली दोन हीटरपाशी हात शेकायला आलेली.

चित्र ॲसा पेंडल्टनचं.
सोनेरी समुद्र, सोनेरी आभाळ,
मधोमध होडी, होडीत तिघं, बोटभर.
येतायत की जातायत, कळत नाही,
पण एवढं सोनं सांडलंय म्हणजे येतच असणार.
गावानं नाव ठेवलं 'घरी परत'.
पोस्टकार्डांवर, बँकेच्या कॅलेंडरवर,
बेकरीच्या कागदी पिशवीवरसुद्धा
तीच दिवेलागण.

मार्चमध्ये लोरेटा थिबोडो आली.
कपाळावर भिंग, खिशात कापसाचे बोळे.
पहिल्याच दिवशी बोळा जिभेला लावला
आणि आभाळाच्या कडेवर फिरवला.
थुंकी?
मी खुर्चीतून उठलोच.
"याच्याहून मऊ काही अजून सापडलेलं नाही," ती म्हणाली.
मला आई आठवली, चर्चच्या पायरीवर
रुमालाचं टोक ओलं करून गाल पुसणारी
आणि मान काढून घेणारा मी.

धूळ निघाली. सभागृहातल्या पाइपांचा धूर निघाला,
शंभर जेवणावळींची लॉबस्टरची वाफ, माश्यांचे ठिपके.
पिवळा मात्र हलेना.
ते वॉर्निश ॲसाचं नव्हतंच.
तो गेल्यावर कुण्या भल्या माणसानं
होडीला लावतात तेच चढवलं होतं, तीन हात,
चित्राला ओल लागू नये म्हणून.
मायेनंच.
त्याला नाक झोंबणारं औषध लागलं आणि सहा आठवडे.

रोज तळहाताएवढं सोनं बोळ्यांवर येई,
चहाच्या रंगाचं, आणि डब्यात पडे.
खालून राखाडी निघालं.
मग शिंपल्याच्या आतल्यासारखं निळं,
मग क्षितिजावर एक बारीक गुलाबी रेघ
आणि तिच्यात अडकलेला ब्रशचा एक केस.
ॲसाला थंडी वाजत होती, वाटतं. घाईत होता.

लोरेटानं भिंग वर केलं.
"हे तर झुंजुमुंजू आहे."

आणि मला माझीच लाज वाटली.
आमच्या गावाला समुद्र पूर्वेला.
सूर्य इथे पाण्यात कधीच बुडत नाही,
तो मावळतो कॅनरीच्या मागे, देवदारांत.
जन्मभर रोज पाहिलं,
आणि भिंतीवर मात्र रोज उलटं मानलं.

थेल्मा बील काठी टेकत आली. वय एक्याण्णव.
होडीत डावीकडे तिचा आजा, ऑरिन.
त्याच आठवड्यात ती होडी गेली, हे गावाला ठाऊक,
पण चित्रात तो येत होता ना,
तिच्या आजीनं याच भरवशावर चाळीस वर्षं काढली.
थेल्मा खूप वेळ उभी राहिली.
"म्हणजे निघालाय तो," म्हणाली.
मग जवळ गेली, घंटी वाजेल इतकी जवळ. मी वाजू दिली.
"अगं, याच्या डोक्यावर लाल टोपी आहे.
लाल होती हे कुणी सांगितलंच नाही मला."

रडली का? मी पाहिलं नाही.
त्या वेळी मी उगाच घंटी बंद करत होतो.

खाली उजव्या कोपऱ्यात
लोरेटानं टपाल तिकिटाएवढा चौकोन तसाच ठेवलाय, पिवळा.
साक्षीसाठी ठेवतात म्हणे,
पुढच्यांना कळावं आपण काय काढलं ते.
शाळेतली पोरं विचारतात, हा डाग राहिला का?
मी म्हणतो, तिथे अजून संध्याकाळ आहे.

थेल्मा मंगळवारी येते.
आधी टोपी बघते, मग तो चौकोन, मग पुन्हा टोपी.
तिला उजेड नीट मिळावा
म्हणून मी माझी खुर्ची दोन फूट डावीकडे सरकवलीय.